ड्युटी संपली, युनिफॉर्म काढला, आता पिस्तुलाचं काय? अमेरिकेत पोलीस झालेल्या आपल्या मुलामुलींसाठी

गेल्या काही वर्षांत ओळखीतली चार मराठी मुलं-मुली अमेरिकेत वेगवेगळ्या शहरांत पोलीस ॲकॅडमी पास झाली, आणि ॲकॅडमी संपली की दोन आठवड्यांत प्रत्येकाचा फोन येतो, काका सुट्टीच्या दिवशी गन बरोबर ठेवू का नको. मी स्वतः २२ वर्षं इथल्या एका मध्यम आकाराच्या शहराच्या पोलीस डिपार्टमेंटमध्ये होतो, शेवटची काही वर्षं फायरिंग रेंजवर शिकवायचं काम केलं, त्यामुळे प्रत्येकाला तासभर तेच सांगत बसतो. आता एकदाच सगळं लिहून ठेवतो. घरच्यांनीपण वाचा, कारण यातलं निम्मं काम घरच्यांचं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचे सगळे नियम तिच्यातूनच निघतात. युनिफॉर्म अंगावर असतो तेव्हा तुम्ही पोलीस आहात हे सगळ्या रस्त्याला माहीत असतं. युनिफॉर्म काढला की ते फक्त तुम्हाला माहीत असतं. समोरच्याला दिसतो तो जीन्स-टीशर्टमधला हातात पिस्तूल घेतलेला एक अनोळखी माणूस, आणि आपल्यासारख्या सावळ्या माणसाच्या बाबतीत त्या दिसण्याचा अर्थ लोक किती पटकन आणि किती चुकीचा लावतात हे वेगळं सांगायला नको.

पायरी १: आपल्या डिपार्टमेंटची पॉलिसी शब्दन् शब्द वाचा

सोबतचा सीनियर काय सांगतो त्यावर जाऊ नका. प्रत्येक डिपार्टमेंटची लेखी पॉलिसी असते, जनरल ऑर्डर्स किंवा मॅन्युअल म्हणतात, त्यात ऑफ-ड्युटी शस्त्राचा वेगळा भाग असतो. अमेरिकेत पोलीस डिपार्टमेंट हजारोंनी आहेत आणि सगळ्यांना लागू असं एक पुस्तक नाही, त्यामुळे शेजारच्या गावातल्या मित्राला चालतं ते तुम्हाला चालेलच असं नाही. वाचताना पेन्सिल घेऊन बसा. बरोबर ठेवणं सक्तीचं आहे, ऐच्छिक आहे का मनाई आहे, ही पहिली खूण. बहुतेक ठिकाणी आता ऐच्छिक असतं, पण प्रोबेशनवर असलेल्याला काही ठिकाणी वेगळा नियम असतो आणि नवीन पोरं नेमकी तिथेच अडकतात. मग कुठलं शस्त्र चालतं ते बघा, ड्युटीचंच की स्वतःचं विकत घेतलेलंपण. स्वतःचं असेल तर मंजूर यादीतलं मॉडेल, सिरियल नंबरची डिपार्टमेंटकडे नोंद, आर्मररकडून (डिपार्टमेंटची शस्त्रं बघणारा माणूस) तपासणी आणि डिपार्टमेंटने ठरवलेलीच काडतुसं, इतकं बहुतेक ठिकाणी लागतं. नोंद न केलेली गन कमरेला लावून फिरणं आणि मग काहीतरी घडणं, यात चौकशीला पहिला प्रश्न गनबद्दलच येतो, तुम्ही कितीही बरोबर वागला असलात तरी.

आणि हो, शंका असेल तिथे ईमेलवर विचारा, कॉरिडॉरमध्ये तोंडी नको. उत्तर जपून ठेवा.

पायरी २: ज्या गनचं क्वालिफिकेशन केलंय तीच जवळ ठेवा

क्वालिफिकेशन म्हणजे त्या गनची रेंजवरची नेमबाजीची परीक्षा. रेंजवर मी हे कायम बघायचो. ड्युटीची मोठी पिस्तूल घेऊन पोरगा छान मार्क काढतो, मग ऑफ-ड्युटीसाठी ग्लॉक २६ सारखी छोटी घेतो आणि तिच्यावर जेमतेम एक डबी काडतुसं उडवतो. छोट्या गनची नळी आखूड, पुढच्या-मागच्या साइटमधलं (नेम धरायच्या खुणांमधलं) अंतर कमी, मूठ इतकी बुटकी की करंगळी लोंबकळत राहते, त्यामुळे निशाणा चुकण्याची शक्यता जास्त. म्हणजे गर्दीत, युनिफॉर्मशिवाय, बॅकअपशिवाय असताना तुम्ही तुमचं सगळ्यात अवघड शस्त्र वापरणार. तेव्हा त्या छोट्या गनचं वेगळं क्वालिफिकेशन करा, आणि तेही शर्टाखालून काढून, ज्या कपड्यांत तुम्ही खरंच फिरता त्याच कपड्यांत.

पायरी ३: राज्य ओलांडलं की कुठला कायदा, ते समजून घ्या

२००४ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा एक कायदा आला, लॉ एन्फोर्समेंट ऑफिसर्स सेफ्टी ॲक्ट, पोलिसांत सगळे त्याला लिओसा म्हणतात. त्याच्या आधी एका राज्यातला पोलीस सुट्टीवर दुसऱ्या राज्यात गेला की तिथले शस्त्रकायदे त्याला सामान्य माणसासारखेच लागायचे. लिओसामुळे पात्र पोलीस ५० पैकी कुठल्याही राज्यात गन लपवून जवळ ठेवू शकतो. लपवून, हा शब्द महत्त्वाचा, कमरेवर उघडी लावून फिरायची परवानगी हा कायदा देत नाही.

पात्र कोण? सरकारी एजन्सीचा नोकर, अटक करायचे अधिकार असलेला, एजन्सीने शस्त्र बाळगायला परवानगी दिलेला, एजन्सीचं फायरिंग क्वालिफिकेशन पूर्ण केलेला, ज्याच्यावर सस्पेन्शन किंवा अधिकार काढून घेण्यापर्यंत जाईल अशी शिस्तभंगाची कारवाई चालू नाही, जो दारूच्या किंवा नशेच्या अंमलाखाली नाही, आणि ज्याला केंद्राच्या कायद्याने शस्त्र घ्यायला बंदी नाही. ह्या सगळ्या अटी त्या क्षणाला पूर्ण पाहिजेत, गेल्या वर्षी पूर्ण होत्या हे चालत नाही. शिवाय एजन्सीचं फोटोवालं ओळखपत्र जवळ हवंच. नुसता बॅज पुरत नाही, आणि ओळखपत्र गाडीच्या कप्प्यात राहिलं असेल तर ते जवळ आहे असं होत नाही.

हा कायदा तुम्हाला दुसऱ्या राज्यात पोलीस बनवत नाही हे विसरू नका. अटक करायचे अधिकार तुमच्या हद्दीपुरतेच किंवा तुमच्या राज्याचा कायदा देईल तेवढेच. दुसऱ्या राज्यात तुम्ही म्हणजे कायदेशीरपणे गन बाळगणारा पाहुणा.

आणि डिपार्टमेंटचे नियम त्यावर आहेतच. लिओसाने फौजदारी गुन्ह्यातून वाचलात तरी डिपार्टमेंटची पॉलिसी मोडली असेल तर नोकरी जाऊ शकते, ही दोन वेगळी दारं आहेत.

पायरी ४: कुठे न्यायचीच नाही

लिओसामध्येच दोन मोठी भोकं आहेत. खाजगी जागेचा मालक गनला मनाई करू शकतो, आणि राज्य सरकार किंवा शहर आपल्या इमारतीत, जागेत, पार्कमध्ये बंदी ठेवू शकतं. मॉलच्या दारावरची पाटी वाचायची सवय लावा. केंद्राच्या इमारतींमध्ये अधिकृत कामाशिवाय नाही, आणि त्यात पोस्ट ऑफिससुद्धा येतं. एक पार्सल टाकायला जाताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

शाळेचा मामला जास्त गुंतागुंतीचा आहे. १९९० च्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे शाळेपासून १००० फुटांच्या आत गन न्यायला बंदी आहे, पोलिसाला सूट आहे पण ती अधिकृत काम करत असताना. पोरीला शाळेत सोडायला गेलेला बाप हा अधिकृत कामावर नसतो. ज्या राज्यात शाळा आहे त्या राज्याचं लायसन्स असेल तर त्या कायद्यात वेगळी सूट आहे, म्हणून बरेच अनुभवी पोलीस राज्याचं सिव्हिलियन परमिटही काढून ठेवतात. माझा सल्लाही तोच, थोडी फी जाते पण डोक्याला शांतता मिळते. त्याशिवाय राज्याचे आणि शाळेचे नियम वेगळे, ते बघाच.

अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने जातानाही गन अंगावर न्यायची नाही. सशस्त्र उडायला कामाची गरज, एजन्सीचं पत्र आणि वेगळं ट्रेनिंग लागतं. सुट्टीवर चाललात तर बाकीच्यांसारखंच, रिकामी करून, कुलूपबंद कडक पेटीत, काउंटरवर सांगून, चेक-इन सामानात.

पायरी ५: होल्स्टर आणि कपडे

२०१८ च्या जूनमध्ये डेनव्हरला एका बारमध्ये एफबीआयचा एक एजंट सुट्टीवर असताना नाचत होता, त्याने उलटी कोलांटी मारली, कमरेची गन खाली पडली, ती घाईघाईत उचलताना गोळी सुटली आणि तिथल्या एका माणसाच्या पायाला लागली. एजंटवर गुन्हा दाखल झाला. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. रेंजवर मी पोरांना तो दाखवायचो आणि विचारायचो, चुका किती मोजल्या? होल्स्टर घट्ट नव्हतं, नाचायच्या ठिकाणी गन नेली, आणि पडलेली गन झडप घालून उचलली. पडणारी किंवा पडलेली गन झेलायला जायचं नाही, आजच्या चांगल्या पिस्तुली पडून सहसा उडत नाहीत, झडप घालताना ट्रिगरला बोट लागून उडतात.

ट्रिगर पूर्ण झाकणारं, कडक, बेल्टला पक्कं बसणारं होल्स्टर घ्या. खिशात नुसती नको, पाठीमागे पँटमध्ये खोचून नको, पर्स किंवा सॅकमध्ये तर नकोच, कारण सॅक आपण खुर्चीला अडकवून उठून जातो.

आपल्या लोकांसाठी एक खास गोष्ट. मंडळाच्या गणपतीला पोरं झब्बा-पायजमा घालतात, पायजम्याला नाडी, बेल्ट नाही, होल्स्टर बसणार कुठे? साडीचंही तेच. आणि मोठ्यांच्या पाया पडायला वाकलं की झब्ब्यावर पिस्तुलाच्या मुठीचा अख्खा आकार उमटतो, मी स्वतः मागच्या रांगेतून बघितलंय, आणि शेजारची बाई दचकून दोन पावलं मागे सरकली तेही बघितलंय. लहान मुलं धावत येऊन कमरेला मिठी मारतात ते वेगळंच. अशा कार्यक्रमाला गन घरी, कुलपात. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ६: दारू, औषधं, झोप

एक बिअरपण नको. काही पॉलिसीत थोडी घेतली तर चालेल अशा अर्थाची मोघम भाषा असते पण ती वाचून हिशेब करत बसू नका, पिणार असाल तर गन घरी ठेवून निघा, आणि ‘गाडीत ठेवतो’ हा उपाय नाही, त्याबद्दल पुढे लिहिलंय. सर्दीची झोप आणणारी औषधं, दातदुखीच्या स्ट्राँग गोळ्या, यांनाही हाच नियम लावा.

थकव्याबद्दल कोणी बोलत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला डॅलसमध्ये एक पोलीस बाई १३ तासांहून मोठी शिफ्ट संपवून घरी आली, चुकीच्या मजल्यावर उतरली, दुसऱ्याच्या फ्लॅटला आपला समजून आत शिरली आणि आतल्या माणसाला चोर समजून गोळी घातली. तो माणूस, बॉथम जीन, आपल्याच घरात बसला होता. तिला १० वर्षांची शिक्षा झाली, तो परत आला नाही. मोठी शिफ्ट झाली असेल तर गन स्टेशनवरच लॉकरमध्ये ठेवून यायची सोय आहे का, हे विचारून ठेवा.

पायरी ७: समोर काहीतरी घडलं तर

गन जवळ आहे म्हणजे मध्ये पडलंच पाहिजे असं नाही. हे पोरांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. ॲकॅडमीने सहा महिने धावत जायला शिकवलेलं असतं. पण ड्युटीवर तुमच्याकडे रेडिओ, बुलेटप्रूफ वेस्ट, विजेचा झटका देणारं टेझर, पार्टनर असतो, सुट्टीवर फक्त गन, म्हणजे तोंडी समजावणं आणि जीव घेणं याच्या मधलं एकही साधन नाही.

एकदा मी मुलीला घेऊन पेट्रोल पंपाच्या दुकानात दूध घ्यायला गेलो होतो, ती ९ वर्षांची. एका पोराने काउंटरवर पिस्तूल काढलं. माझ्या कमरेला गन होती. मी मुलीला फ्रीजच्या रांगेमागे ढकललं, तिच्यावर पाठ करून बसलो, हात गनवर, आणि बाहेर काढली नाही. त्याने पैसे घेतले, चाळीसेक सेकंदांत गेला. मी त्याचे बूट, डाव्या हातावरचं गोंदण, गाडीचा रंग आणि नंबरप्लेटचे पहिले तीन अक्षर-आकडे ९११ ला (इथला इमर्जन्सी नंबर) सांगितले. गोळी चालवली असती तर माझ्यामागे मुलगी आणि त्याच्यामागे कॅशिअर होता. त्याने कोणाला मारायला सुरुवात केली असती तर मी काढली असती, तेवढीच माझी रेषा होती. तुमची रेषा आजच ठरवा, दुकानात उभं राहून ठरवायला वेळ मिळत नाही.

म्हणून क्रम असा: आधी आपली माणसं आडोशाला, मग ९११, मग नीट बघून लक्षात ठेवणं. कोणाचा जीव आत्ता या क्षणी जाणार असेल आणि तुमच्या गोळीमागे निर्दोष माणूस नसेल तरच पुढचं. आणि भांडणात कधीच नाही. पार्किंगवरून, गाडी कट मारल्यावरून, शेजाऱ्याच्या कुत्र्यावरून वाद झाला तर शर्ट बाजूला करून गन दाखवणं हा गुन्हा ठरू शकतो, बॅज दाखवून धाक घालणं हेही नोकरीवर येतं.

पायरी ८: खरे पोलीस आले की

हा भाग दोनदा वाचा. २८ मे २००९ ला न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये ओमर एडवर्ड्स नावाचा २५ वर्षांचा पोलीस ड्युटी संपवून निघाला, त्याच्या गाडीत एक चोर शिरलेला दिसला, तो गन काढून मागे धावला. साध्या गाडीतून साध्या कपड्यांतले पोलीस आले. त्यांना दिसला हातात गन घेऊन धावणारा एक काळा तरुण. तो त्यांच्याकडे वळला आणि त्याच्याच खात्याच्या माणसाने गोळ्या झाडल्या. बॅज त्याच्या खिशात होता. जानेवारी २००८ मध्ये तिथून जवळच व्हाइट प्लेन्सला असाच एक ऑफ-ड्युटी पोलीस मारला गेला होता. मग न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने समिती नेमली, २०१० मध्ये तिचा अहवाल आला, त्यात १९८१ पासून देशभरात सहकाऱ्यांनीच ओळख चुकून मारलेल्या २६ पोलिसांचा हिशेब आहे, आणि ऑफ-ड्युटी मेलेल्यांत काळे आणि लॅटिनो पोलीस फार जास्त होते हेही त्यात स्पष्ट लिहिलंय.

मागून आवाज आला की मान आणि खांदे आपोआप वळतात, आणि गन धरलेला हात खांद्याबरोबर वळतो. मागच्या माणसाला वाटतं नळी माझ्याकडे आली. ही वळायची सवय मोडायचा सराव करावा लागतो, घरी रिकाम्या हाताने, कोणालातरी मागून ओरडायला सांगून करा. आवाज आला की जागच्या जागी गोठायचं. धोका टळला असेल तर पोलीस यायच्या आधीच गन होल्स्टरमध्ये गेलेली पाहिजे. ते आले तेव्हा हातात असलीच तर न वळता मोठ्याने ‘पोलीस, ऑफ-ड्युटी’ ओरडा, परत परत ओरडा, आणि टाक म्हणाले तर टाका, महागाची आहे, ओरखडा पडेल असला विचार नको. हात रिकामे, उंच, बोटं पसरलेली. बॅज काढायला खिशात हात घालू नका, बॅज आहे हे तोंडाने सांगा आणि त्यांनाच काढू द्या. बेड्या घातल्या तर घालू द्या, जमिनीवर झोपवलं तर झोपा, मान-अपमान नंतर.

९११ ला फोन करतानाच सांगायचं की इथे एक सशस्त्र ऑफ-ड्युटी पोलीस आहे, त्याने निळा चेक्सचा शर्ट घातलाय, टोपी नाही, दाढी आहे. तुम्हाला फोन करता येणार नाही, म्हणून हे काम बायकोचं, नवऱ्याचं, आईचं. घरी एक शब्द ठरवून ठेवा, तो तुम्ही उच्चारला की घरच्यांनी प्रश्न न विचारता तुमच्यापासून लांब जायचं आणि फोन लावायचा. आमच्या घरी तो शब्द ‘चष्मा’ होता. ‘चष्मा विसरला’ म्हटलं की बायको मुलीचा हात धरून सरळ दाराकडे. दोन-तीन महिन्यांतून एकदा सराव करायचो, मुलीला तो खेळ वाटायचा.

पायरी ९: घर आणि गाडी

घरात गन दोनच ठिकाणी असू शकते, तुमच्या अंगावर किंवा कुलपात. कपाटाच्या वरच्या फळीवर, उशीखाली, साड्यांच्या घडीत ही जागा नाहीत. भारतातून आजी-आजोबा सहा महिने राहायला येतात, आजी कपाट आवरायला काढते, आणि नातवाला वरून डबा काढून दे म्हणते. बोटाच्या ठशाने किंवा नंबरने उघडणारा छोटा सेफ पलंगाजवळ बोल्टने ठोकून बसवा, नंबर मुलांच्या जन्मतारखेचा नको. घरी आलो की बूट काढायच्या आधी सेफ, असा क्रम अंगात भिनवा. थकलेला माणूस ‘पाच मिनिटं’ म्हणून गन टीव्हीजवळ ठेवतो आणि सोफ्यावर झोपून जातो.

गाडी ही गन ठेवायची जागा नव्हे. २०१५ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत केंद्राच्या एका रेंजरच्या उभ्या गाडीतून त्याची सर्व्हिस पिस्तूल चोरीला गेली आणि चारच दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलाच्या गोळीने धक्क्यावर वडिलांबरोबर फिरणारी एक तरुण मुलगी गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये कायदा करून पोलिसांनाही सक्ती केली की सोडून जाताना गाडीतली गन डिकीत किंवा नजरेआड कुलूपबंद पेटीत पाहिजे. तुमच्या राज्यात सक्ती नसेल तरी केबलने सीटच्या लोखंडाला बांधलेली पेटी घ्या, आणि तीसुद्धा कोर्टात किंवा पोस्टात जाण्यापुरती, रात्रभर नाही. गाडीवर पोलीस युनियनचे स्टिकर असतील तर काढा, चोराला तो पत्ता असतो.

सस्पेन्शन, आजारपण, आणि निवृत्ती

सस्पेन्शन आलं किंवा अधिकार काढले की लिओसा त्या दिवसापासून संपला, गन डिपार्टमेंटकडे जमा करा आणि पावती घ्या. घरगुती हिंसेच्या छोट्या गुन्ह्यातही दोषी ठरलात तर १९९६ च्या केंद्राच्या दुरुस्तीप्रमाणे शस्त्राला बंदी येते, ड्युटीच्या शस्त्रालाही, पोलीस म्हणून त्यात सूट नाही. मन थाऱ्यावर नसेल, रात्र रात्र झोप नसेल, तर कोणी सांगायची वाट न बघता सेफची किल्ली विश्वासातल्या सहकाऱ्याकडे द्या. बऱ्याच पोलिसांचा जीव त्यांच्याच गनने गेलाय, मी माझ्या स्क्वाडमधला एक जण असा घालवलाय. फोन करा, मलासुद्धा करा.

निवृत्तांसाठी लिओसामध्ये वेगळं कलम आहे. चांगल्या रेकॉर्डने बाहेर पडलेला, एकूण १० वर्षं सेवा झालेला (आधी १५ लागायची, २०१० मध्ये कमी केली), जुन्या एजन्सीचं फोटो ओळखपत्र आणि गेल्या १२ महिन्यांतलं क्वालिफिकेशन, तेही स्वतःच्या खर्चाने. मी दर वर्षी मार्चमध्ये उरकतो.

शेवटी भारतात जाताना

लिओसा अमेरिकेच्या हद्दीत संपतो. नायगाराला गेलात आणि पलीकडची बाजू बघू म्हणून पुलावर गाडी घातली की कॅनडाचा कायदा. भारताचं तर बोलायलाच नको, तिथे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि गन सोडा, सामानात एक जिवंत काडतूस सापडलं तरी विमानतळावर पोलीस केस होते. रेंजला नेलेली बॅग कधीही प्रवासाला वापरू नका. वापरावीच लागली तर जायच्या आदल्या दिवशी ती जमिनीवर उलटी करून झटका, प्रत्येक खिसा बाहेर ओढा, अस्तर फाटलंय का बघा आणि तळाच्या शिवणीतून बोट फिरवा. ९ एमएमचं काडतूस करंगळीच्या दोन पेरांपेक्षा मोठं नसतं, ते नेमकं तिथे जाऊन बसतं.